झुलीची डावी बाजू

खाकी, शाळेच्या चड्डीची

कुडापलीकडून कात्रीचा आवाज आला आणि अंजनाची भाकरी तव्यावर टाकता टाकता दुमडली.

कच्. कच् कच्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कच्.

अंजनाच्या घरात कात्री नव्हती. ती विळीवर धरून कापड कापायची, नाही तर दातानं टोक तोडून टर्रकन फाडायची. पलीकडं धाकट्या जावेकडं, साळूबाईकडं, काळ्या मुठीची लोखंडी कात्री होती. साळूचा नवरा जोतीराम पलटणीत होता, त्यानं मागच्या रजेला आणलेली. ती नुसती मिटली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, काही तरी भारी कापड कापलं गेलं.

"काय कापत असंल वो?" अंजनानं नवऱ्याला विचारलं.

आकाराम जेवत होता. "कोण?"

"कोण म्हंजे? तुमची भावजय."

"मिरची कापत असंल."

"मिरची? कात्रीनं?"

"मग जीभ कापत असंल," आकाराम म्हणाला आणि कालवण वाढून घेतलं. "तुझी."

आकारामला काही विचारण्यात अर्थ नव्हता. तो दोन्ही घरचा होता. त्याला व्हावंच लागत होतं. दुष्काळ सरला त्या साली भावाभावांची वाटणी झाली. रान वाटलं, भांडी वाटली, घराच्या मधोमध कूड घातला, आणि सासऱ्यानं खरसुंडीच्या बाजारातून आणलेली खिलारी जोडीसुद्धा वाटली. सोन्या थोरल्याला, हरण्या धाकट्याला. नांगराला मात्र दोघं पुन्हा एकत्रच, कारण एका बैलावर नांगर चालत नाही. आणि जोतीराम तिकडं सरहद्दीवर, म्हणून दोन्ही वाट्यांचं रान आकारामच करायचा. जुवाला सोन्या उजवा आणि हरण्या डावा. सासऱ्यानं पहिल्या दिवशी जुंपलं तसं.

गोठ्यात तेवढं उलटं झालं होतं. गोठ्याचा डावा अर्धा अंजनाच्या वाटणीला आला, उजवा साळूच्या, मधे कूड. प्रत्येकीचा बैल जिच्या तिच्या चुलीसमोर. भाकरी थापताना अंजनानं मान वर केली की दाराच्या चौकटीत सोन्याची पांढरीशुभ्र डावी कूस. चौकटीत दुसरं काही मावतच नव्हतं.

पितळ

हा काही कापडाचा तुकडा नाही, पण सगळं शिवणकाम याच्यापायी झालं.

वाटणीत एकच वस्तू राहून गेली होती. बेंदराचं ताट. पितळेचं, काठाला एका जागी चेपलेलं. बेंदराच्या दिवशी मारुतीच्या पारापुढं गावातल्या बैलजोड्या सजून उभ्या राहायच्या आणि ज्या त्या घरची बाई आपल्या जोडीला ओवाळायची. एका जोडीला एकच दिवा, असा रिवाज. आजवर तो हात सासूचा, अंबूबाईचा, होता. यंदा म्हातारीचा हात थरथरायला लागला, नजरही अधू झाली. मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर दोन्ही सुनांना तिनं कट्ट्यावर बसवून घेतलं.

"पोरीनू, माझ्या हातनं दिवा हालतोय. ताट एकीच्या हातात जायाला पायजे."

"आत्ती, थोरल्या आक्का हाईत की," साळू लगेच म्हणाली.

अंजनाला नेमकं हेच सोसत नसे. साळू आधीच देऊन मोकळी व्हायची, आणि मग घेणाऱ्याला घेतल्याची लाज वाटायची.

"थोरली-धाकली मी बघत न्हाई," अंबूबाई म्हणाली. "घरं दोन केलीसा, बैल दोन केलंसा. मग आपापल्या बैलाची झूल करा. घरात, हातानं. बाजारची मला दावू नगा. जिची झूल मला बघवंल तिच्या हातात ताट. आन एकदा दिलं की दिलं. मी गेल्यावरबी तिच्याकडंच."

म्हातारी हे गमतीनं म्हणाली की खरंच, कुणास ठाऊक. अंजनाच्या पोटात मात्र तेव्हापासून एक चूल पेटली, जिला लाकूड घालावं लागत नव्हतं.

कारण ती थोरली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून शेण तिनं काढलं, दुष्काळात बैलांना छावणीवर वैरण तिनं वाहिली. साळू तेव्हा माहेरी होती, बाळंतपणाला. आणि आता एका झुलीवर दोघींची बरोबरी लागायची. साळू तशी काही वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. अंजनाला रागवायला जागा मिळाली असती.

पिवळं चीट, फुलाफुलांचं

"आक्का, ह्ये गोंडं बघितलंसा? केवढं टपोरं हाईत!"

"घे की. तुला काय कमी? मनीआर्डर येती."

"नगं. आत्ती म्हणाल्यात न्हवं, बाजारचं न्हाई म्हणून."

"गोंडा म्हंजे काय झूल न्हवं."

"तरीबी नगंच."

कराडचा बाजार बेंदरानं फुलला होता. दुकानांपुढं आडव्या बांबूंवर घुंगरमाळा, कासरे आणि रंगीत लोकरीचे गोंडे लोंबत होते. शिंगांना लावायचा हिंगूळ, वर चिकटवायची सोनेरी बेगड, सगळं मांडून ठेवलेलं. अंजनानं एक गोंडा हातात घेतला, उलटा केला, आत दोरा कसा फिरवलाय ते बघितलं. मग दुसरा घेतला.

"बाई," दुकानदार म्हणाला, "घ्यायचा हाय, का नुसती वळख करून घ्यायची हाय?"

"वळख पटली की घेईन," अंजना म्हणाली आणि गोंडा परत टांगला. बांधायची तऱ्हा डोक्यात बसली होती. हिंगूळ तेवढा घेतला.

साळूनं सबंध बाजारात एकच वस्तू घेतली, लाल दोऱ्याचं रीळ. बस्स. बेगड नाही, भिंगं नाहीत, काही नाही.

परतताना बैलगाडीत बसल्यावर अंजनाचं डोकं त्या रिळाभोवती फिरायला लागलं. असा मोकळ्या हातानं बाजार कोण फिरतं? ज्याच्या घरात सगळं आहे तो. आणि मग एकदम आठवलं: पॅराशूटचं कापड! जोतीरामनं रजेला आणलं होतं. निळसर, गुळगुळीत, उन्हात धरलं की पाण्यासारखं हलणारं. साळूनं तेव्हा तिलाही दाखवलं होतं, "हात लावून बघा की आक्का" म्हणत. अंजनाचे शेणाचे हात होते, तिनं लावला नव्हता.

तर त्याची झूल होणार. पांढऱ्या हरण्यावर निळं पाणी, आणि त्याला लाल दोऱ्याची शिवण.

"आक्का, बरं न्हाई वाटत का?" साळूनं विचारलं.

"गाडी हादरती," अंजना म्हणाली.

लाल टेरिकॉट

नानासो शिंप्याचं दुकान म्हणजे चावडीशेजारचा ओटा, त्याच्यावर मशीन आणि मशीनच्या पायाशी चिंध्यांचं पोतं. लग्नसराईत अंजना त्याची काजं करून द्यायची, बटणं लावून द्यायची. बदल्यात चिंध्या न्यायच्या, असं ठरलेलं. त्या पोत्यात साऱ्या गावची चैत्र-वैशाखातली लग्नं होती. नवरीच्या हिरव्या खणाचं उरलेलं, कलवरीच्या चोळीचं, नवरदेवाच्या लाल बुशकोटाचं टेरिकॉट, वरबापाच्या सदऱ्याचं पांढरं. अंजनाला ठाऊक होतं कुठला तुकडा कुणाच्या अंगचा.

त्या दिवशी ती दुकानापाशी पोचली तर ओट्यावरून साळू खाली उतरत होती. काखेत बोचकं.

"आक्का, तुमीबी आलासा?" साळू हसली आणि गेली.

अंजना नानासोपुढं उभी राहिली. "तिला काय दिलंसा?"

"चिंध्या."

"कसल्या?"

"आता वैनी, चिंधीला काय नाव असतंय?"

"लाल व्हतं का त्यात?"

"असंल."

"काजं मी करायची, आन लाल तिनं न्ह्यायचं?"

नानासोनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "तिनंबी कॉलरी उलटून दिल्यात. तुमी रानात असता तवा येती दुपारची. हात चांगला हाय तिचा."

"चांगला हाय का?"

"मग! टाका दिसत न्हाई."

हे शेवटचं त्यानं म्हणायला नको होतं. अंजना ओट्यावर चढली आणि पोत्याचं तोंड उघडून बसली. "आता हितनं फुडं तिला द्यायचं न्हाई. काय बी."

"वैनी," नानासो म्हणाला, चावडीवर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्यानं, "रान वाटलंसा, बैल वाटलंसा, आता चिंध्यांचीबी वाटणी? बोलवू का तलाठ्याला? सात-बारा काढू चिंध्यांचा?"

चावडीवरची माणसं खो खो हसली. अंजनाचे कान तापले, पण हात थांबला नाही. पोत्याच्या तळापर्यंत हात घालून तिनं रंग असलेला तुकडा न् तुकडा पदरात ओढला. जे लागणार होतं ते घेतलं. जे लागणार नव्हतं तेही घेतलं, तिला मिळू नये म्हणून. तुटकी शिंपल्याची बटणं घेतली. शेवटी पोत्यात खाकी, करडं अस्तर आणि धूळ एवढंच उरलं, तेव्हा तेही घेतलं.

"पोतं ऱ्हाऊ द्या," नानासो म्हणाला. "माझं हाय."

हिरवा खण, वीतभर

आणि तरी पुरलं नाही.

दोन रिकामी पोती उसवून, जोडून, पुढं वशिंडापुरती खाच ठेवून तिनं झुलीचा पाया केला आणि वर तुकडे मांडून पाहिले. सोन्या थोराड बैल. रंगाचं कापड एका कुशीपुरतंच झालं. विरळ करून दोन्हीकडं पसरलं तर दोन्हीकडं भिकार दिसलं.

मग तिनं सगळं एका बाजूला घेतलं.

कुठल्या? हा प्रश्न तिला पडलासुद्धा नाही. मान वर केली की दारात जी कूस दिसायची, तिचंच माप तिनं हातानं घेतलं होतं, तिच्यावरच मनात रंग भरले होते. सोन्या जुवाला उजवा चालतो, त्याची डावी कूस हरण्याकडं जाते, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज बांधावर भाकरी घेऊन जाताना ती बघत होती. पण ते रानातलं ठाऊक असणं होतं. शिवायला बसली की तिच्या लेखी सोन्याला एकच बाजू होती.

आणि ती बाजू उठली! मधे लाल टेरिकॉटचं मोठं कमळ, भोवती हिरव्या खणाची पानं, पानांच्या शिरा पिवळ्या चिटाच्या कातरणीच्या. काठाला त्रिकोणी तुकड्यांची नक्षी, प्रत्येक त्रिकोणाच्या टोकाला शिंपल्याचं बटण. खाली चिंध्यांचेच गोंडे, बाजारात ओळख करून घेतलेले. शेजारची सुलाबाई विस्तव मागायला आली ती विस्तव विसरली.

"अगं बया! ही तर माझ्या रुक्मीची चोळी! आन ह्यो आमच्या जावयाचा बुशकोट! अंजे, आमचं सारं वऱ्हाड बैलावर बसवलंस की गं."

"पलीकडं बोलू नगंस," अंजना म्हणाली.

"न्हाई बोलत." सुलाबाईनं आवाज खाली घेतला. "पर साळूचीबी लय भारी चाललीया म्हणं. दार लावून शिवती."

"तू बघितलीस?"

"दार लावून शिवती म्हणलं न्हवं?"

उजव्या बाजूला काय, काहीही. खाकी लावलं, अस्तर लावलं, मोठमोठे टाके घालून आवरतं घेतलं. शेवटी मधोमध एक भोक उरलं, हातभर. त्याला काही मिळेना. तेव्हा तिनं चुलीवरची भांडी उतरवायचं फडकं घेतलं, झटकलं आणि ठिगळासारखं मारून टाकलं. ते फडकं म्हणजे वारलेल्या सासऱ्याचा गुलाबी पटका. वाटणीत त्याचेही दोन तुकडे झाले होते, एक हिला, एक तिला. अंजनाच्या तुकड्यावर आता काळे डाग होते. बाहेर आलेला दोरा तिनं दातानं तोडला. संपलं.

सुई

बेंदराच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून झाली आणि साळू दाराशी आली.

"आक्का, माझी सुई मोडली. एवढाच काठ ऱ्हायलाय. असली तर देता का?"

अंजनाच्या डब्यात तीन सुया होत्या. दोन टोकदार. तिसरी गोणपाट शिवून शिवून बोथट झालेली, मधे किंचित वाकलेली. अंजनानं डब्यात बोट फिरवलं.

"एकच हाय," ती म्हणाली आणि तिसरी दिली.

दिवस मावळायच्या आत साळूनं सुई परत आणून दिली. नुसती नाही, नवा लाल दोरा ओवून.

"लय उपकार झालं, आक्का."

अस्तर

बेंदराला सकाळपासून बुरंगाट होतं, बारीक पाऊस थांबत नव्हता. आकारामनं दोन्ही बैल ओढ्यावर नेऊन धुतले, शिंगं तासली, हिंगूळ लावला. दोघी जावांनी आपापली झूल घडी घालून, फडक्यात बांधून त्याच्याकडं दिली होती. उकडलेली डाळ पाट्यावर, पुरण अर्धं वाटलेलं, कुणाला ओढ्यावर जायला सवड नव्हती. तिथंच त्यानं झुली घातल्या, जोडीनं मान बांधली आणि हलगीच्या मागं दारापुढं आणून उभी केली.

अंजना पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली.

सोन्या उजवीकडं उभा होता. त्याच्या अंगावर खाकी होती, करडं अस्तर होतं, मधे चुलीवरचं फडकं होतं. कमळ कुठंच नव्हतं. ते आत होतं, हरण्याच्या पोटाला लागून.

तिला क्षणभर वाटलं, नवऱ्यानं मुद्दाम उलटी घातली. मग तिच्या हाताला कळलं, त्यानं माप दारातून दिसणाऱ्या डाव्या कुशीचंच घेतलं होतं.

शेजारी साळू येऊन उभी राहिली होती. तिनं एकदा सोन्याकडं पाहिलं, वळसा घालून हरण्याकडं पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि खुदकन हसली.

"आक्का! तुमची चांगली बाजू आत गेली व्हय? माझीबी आतच गेली की! माझ्या दारातनं त्याची उजवीच दिसती न्हवं, मी तिकडंच सगळं केलं!"

ती हसतच होती. अंजनाला हसू आलं नाही. हरण्याची बाहेरची बाजू तिनं बघितली: मांजरपाट, जुन्या लुगड्याचे पट्टे, साधं काम. म्हणजे निळं पाणी आत होतं. दोन बैलांच्या मधे जेमतेम हात जाईल एवढी फट, आणि बैल मान हलवत होते. काही दिसेना. नुसती झूल फिरवून घालावी तर वशिंडाची खाच शेपटाकडं जाणार.

साळू थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. ती अंजनाला म्हणाली, "आक्का, म्हणावं, फिरवून बांधा की. दोघींचीबी दिसंल."

"ऐकलंसा न्हवं?" अंजना नवऱ्याला म्हणाली. "फिरवा. सोन्याला डावीकडं घ्या."

"येडी का खुळी? जलमात डावा चालला न्हाई त्यो. आज म्होरं हलगी हाय, पोरंबाळं हाईत. बिथरला मंजी?"

"एक दिस चालंल की."

"मग तू धर कासरा."

हलगी पुढं निघाली. आकारामनं कासरा ओढला. अंजना त्याच्या बरोबरीनं चालायला लागली.

"तुमी झुली घातलासा. तिची बघितली असंल. आतली."

"बघितली की."

"कशी हाय?"

आकारामनं विचार केला. "झुलीवाणी."

गुलाबी पटका, विरलेला

पारापुढं चिखल झाला होता. जोड्या ओळीनं उभ्या होत्या, घुंगरं वाजत होती, बाया ताटं सावरत होत्या. अंबूबाई पाराच्या पायरीवर बसली होती. तिच्या डोक्यावर खोळ होती, निळसर, गुळगुळीत. पावसाचे थेंब तिच्यावर टिकत नव्हते, घरंगळून जात होते.

पॅराशूटचं कापड.

"धाकलीनं शिवली," म्हातारी शेजारणीला सांगत होती. "थेंब शिवत न्हाई अंगाला."

म्हणजे झुलीत ते नव्हतंच. अंजनाच्या पोटातली इतक्या दिवसांची चूल क्षणभर विझली, आणि लगेच दुसऱ्या बाजूनं पेटली. खोळ. सासूला खोळ! हे आपल्याला का सुचलं नाही?

अंबूबाई काठी टेकत उठली. आधी हरण्याच्या अंगाला गेली. हाताच्या तळव्यानं झूल चाचपली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "बरी हाय," म्हणाली. मग बैलांच्या मागनं वळसा घालून सोन्याकडं आली. अंजनानं मान खाली घातली. आता खाकी बघणार. आता टाके बघणार, वीत वीत लांबीचे. आता साऱ्या गावासमोर म्हणणार, थोरलीनं गोणपाट घातलं बैलावर.

म्हातारीचा हात खाकीवरून सरकला, अस्तरावरून सरकला आणि मधे थांबला.

थांबूनच राहिला.

"ह्यो त्यांचा पटका," अंबूबाई म्हणाली.

हलगीवाल्यानं हात आवरला.

"मधोमध लावलास गं. खरसुंडीस्नं जोडी आणली तवा ह्योच बांधला व्हता डोक्याला. सोन्या बुजत व्हता वाटंला, तर ह्येच्या सोग्यानं त्याचं डोळं झाकून आणलं त्यांनी." तिनं कापड नाकाशी नेलं. "धुराचा वास हाय. घरचा." मग डोळे पुसायला हात वर केला, तो खोळीच्या गुळगुळीत कापडाला लागून घसरला. "थोरली ती थोरलीच. बाकीच्या पोरी फुलं काढत्यात. साळे, ताट दे तिच्याकडं."

ताट साळूच्याच हातात होतं, आणताना धरलेलं. तिनं पदरानं दिव्याला आडोसा केला आणि ताट अंजनापुढं धरलं. तिच्या चेहऱ्यावर काही तरी होतं, ते हसू नव्हतं आणि रागही नव्हता. "घ्या आक्का," ती म्हणाली. "मी म्हणलंच व्हतं पयल्यांदा."

अंजनानं ताट घेतलं. चेपलेला काठ तिच्या अंगठ्याखाली आला. ते तिचं झालं होतं, आता कायमचं. फडक्यावर. चुलीवरच्या फडक्यावर. तिला वाटलं, ओरडून सांगावं, की आत बघा, मी कमळ केलंय, ते बघून द्या!

ओवाळायला जोडीच्या पुढं जावं लागतं. दोन्ही तोंडांच्या मधोमध उभं राहावं लागतं. अंजना तिथं उभी राहिली, दिवा वर उचलला, आणि पुढून, दोन मानांच्या मधून, ती फट तिला दिसली. साऱ्या गावात तेवढ्याच जागेवरून दिसत होती.

डाव्या हाताला तिचं कमळ. लाल, भडक, बटणांनी चकाकणारं.

उजव्या हाताला हरण्याच्या कुशीवर एक जोडी चालली होती. चिंध्यांचीच. वरबापाच्या सदऱ्याच्या पांढऱ्या तुकड्यांचे दोन बैल, एकाच्या कानाला कातरा, तो सोन्या. दुसऱ्याच्या कपाळावर तपकिरी ठिपका, तो हरण्या. जू होतं एकच. पायाखाली काळी ढेकळं, छत्रीच्या कापडाची. आणि बैलांच्या पुढं एक ठेंगणा माणूस, कासरा खांद्यावर टाकून, मागं वळून बैलांकडं बघणारा. त्याच्या डोक्याला गुलाबी पटका होता. साळूच्या वाट्याचा तुकडा. डाग नसलेला, नीट चुणी घालून बांधलेला, सोगा पाठीवर सोडलेला. आत्ता तो माणूस बोलेल असं वाटत होतं.

टाका दिसत नव्हता. फक्त काठाला, शेवटच्या हातभर शिवणीत, लाल दोरा जरा जाड भोकांतून गेला होता. बोथट सुईची भोकं. तिथंही टाके सारखेच होते.

"आक्का, ओवाळा की," साळू मागून हळूच म्हणाली. "दिवा इजंल."

अंजनानं ओवाळलं. सोन्याला, हरण्याला. हात हलला तसा उजेड फटीत आत-बाहेर झाला, आणि तो ठेंगणा माणूस एकदा उजळला, एकदा विझला. तिनं दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं, पुरणाची पोळी भरवली. लोक म्हणाले, थोरलीला मान मिळाला, बरं झालं, सासऱ्याची आठवण ठेवली तिनं. सुलाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली.

हलगी थांबली होती. बैल पोळी चघळत शांत उभे होते. आकाराम जवळ आला.

"आता निवल्यात. म्हणशील तर फिरवून बांधतो. जाताना गावातनंच जायाचं हाय, तुझं कमाळ दिसंल समद्यांस्नी. तिचंबी दिसंल."

साळूनं मान वर केली. अंजनाकडं बघत राहिली. अंबूबाई पायरीवर बसून खोळीतून इकडंच बघत होती. एक गाठ सोडायची आणि एक बांधायची, एवढंच काम होतं.

"नगं," अंजना म्हणाली.

"अगं, सकाळी तर तूच..."

"नगं म्हणलं न्हवं? जनावर हाय. बिथरंल."

आकारामनं खांदे उडवले आणि कासरा ओढला. जोडी घराकडं वळली, सोन्या उजवा, हरण्या डावा, नेहमीसारखी. पावसानं आता जोर धरला होता. भिजलेल्या झुली जड झाल्या, बैलांच्या चालीबरोबर आतल्या आत एकमेकींना घासत होत्या.

अंजना जोडीच्या अगदी मागून चालली. ताट एका हातात, दुसऱ्या हातानं लुगडं वर धरलेलं, शेपट्यांचे फटके अंगावर घेत. सुलाबाईनं हाक मारली, "अंजे, शेण उडतंय, कडंनं चाल की!" तिनं ऐकलं नाही. बैल वळणाला जरा फाकले की मधली फट रुंदावायची. तेव्हा ती आणखी पुढं सरायची आणि तेवढ्या जागेत आपलं अंग भरायची, घर येईपर्यंत.